तीन अंशांसाठी

अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे आमच्या घरात काहीही ठरलं की आधी त्याचं गणित मांडलं जातं. मे महिन्यात पचमढीला जायचं ठरलं, तेव्हाही त्यांनी पेपरच्या कडेला पेन्सिलीनं आकडे लिहिले. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर, पचमढी 1067. फरक 517. हजार मीटर चढलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी उतरते.

"तीन पूर्णांक छत्तीस शतांश," अण्णा चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. "एवढ्यासाठी पावणेचारशे किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं."

"मग तुम्ही ते छत्तीस शतांश घेऊन घरी बसा," आई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आम्ही तीन घेऊन येतो."

थंड हवेशी अण्णांचं काही वैर नाही. पण इंदूरच्या माणसानं ती खायला बाहेरगावी जावं, हे काही त्यांच्या गळी उतरत नाही. सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा. सकाळ बनारसची, संध्याकाळ अवधची आणि रात्र आमच्या माळव्याची. इंदूरच्या प्रत्येक म्हाताऱ्याला हे पाठ असतं आणि पाहुण्याला ऐकवल्याशिवाय तो पाण्याचा पेला पुढे करत नाही.

मी माहेरची ग्वाल्हेरची, तिथल्या लष्कर भागातली. लग्न होऊन इथं आले तेव्हा मलाही ही म्हाताऱ्यांची बढाईच वाटली होती. आमच्याकडे मे महिन्यात रात्री बारालाही भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. कूलरसमोर ओली चादर अंगावर घेऊन झोपायची आम्हाला सवय. रामबागेतल्या या घरातल्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी माझ्या हातात एक चादर दिली आणि म्हणाल्या, "वर घेऊन जा, तीनला लागेल." मी मनात हसले. दिवसा एक्केचाळीस होतं. आणि खरंच, पहाटे तीनच्या सुमाराला मला थंडी वाजून जाग आली. पश्चिमेकडून असा वारा सुटला होता की गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा कागद फडफडत होता.

त्या गच्चीचे काही नियम होते. दिवेलागणीला दोन बादल्या पाणी शिंपडायचं. पहिल्या तांब्याला फरशीतून चर्र आवाज यायचा, वाफ निघायची, आणि मग तो वास. अर्ध्या तासानं सतरंज्या. पायऱ्यांच्या बाजूला बायका, टाकीच्या बाजूला पुरुष, मध्ये पोरंटोरं. कठड्याच्या कोपऱ्यात ओलं फडकं गुंडाळलेली सुरई आणि तिच्यावर पालथा घातलेला पितळी पेला. नागपूरच्या मावशी दर मे महिन्यात पंधरा दिवस राहायला यायच्या त्या याच गच्चीसाठी. म्हणजे हिल स्टेशन आमच्याच घरी होतं, आणि तिथं जायला अकरा पायऱ्या चढाव्या लागायच्या.

रात्र अशी निवायची कशी, हे अण्णा पोरांना पुन्हा पुन्हा सांगतात. पठाराची उंची, कोरडी हवा, वर ढग नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री ती सगळी उष्णता आकाशाला देऊन टाकते, वाटेत अडवायला कोणी नाही. आता अडवायला बरंच काही आहे. आमच्या दोन्ही बाजूंना चार-चार मजले उभे राहिलेत. त्यांचं काँक्रीट मध्यरात्रीपर्यंत ताप धरून ठेवतं. पश्चिमेच्या इमारतीच्या सात एसींचे पंखे थेट आमच्या गच्चीवर फुंकर घालतात. सहा-सात वर्षांपूर्वी आम्हीही खाली दोन एसी बसवले आणि गच्चीवर झोपणं बंद झालं. तक्रार कुणाकडे करणार? आमच्या एसीची फुंकरही कुणाच्या तरी गच्चीवर जातच असेल.

तर पचमढी. लेकीला जुलैत पुण्याला कॉलेजला पाठवायचं होतं, धाकट्याची शाळा बंद, माझ्या बँकेनं चार दिवसांची रजा दिली, आणि नौतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायला आठवडा होता. निघालो. सहा माणसं, एक जुनी सात आसनी गाडी, आईंच्या तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी, साखरांब्याची बरणी आणि इंदूरच्या माणसाला घराबाहेर जगण्यासाठी लागते तेवढी, म्हणजे दोन किलो, सेव.

भोपाळवरून न जाता आम्ही कन्नोद, खातेगाव, नेमावर असा रस्ता धरला. या रस्त्याची गंमत अशी की नकाशा न बघताही भूगोल कळतो. आधी विंध्य उतरायचा, मग नर्मदा ओलांडायची, मग सातपुडा चढायचा. थंडीकडे जायचं तर आधी खाली, जास्तच उकाड्यात जावं लागतं. नेमावरच्या पुलावर गाडी थांबवली. हे नर्मदेचं नाभिस्थान मानतात. अलीकडे सिद्धनाथाचं जुनं देऊळ, पलीकडे हंडिया. आईंनी खिडकीतूनच हात जोडले आणि एक रुपया पाण्यात टाकला.

"हिचंच पाणी आपण पितो," अण्णा धाकट्याला म्हणाले. "आणखी खाली जलूदला ती पंपानं उचलतात आणि विंध्य चढवून इंदूरला आणतात. 1978 साली आली. त्याआधी तुझी आजी रात्री दोनला उठून नळाची वाट बघायची."

"दोनला नाही, साडेतीनला," आई म्हणाल्या. "आणि एकटी नाही, अख्खी गल्ली."

नर्मदा ओलांडल्यावर मला एक अपेक्षा नसलेली गोष्ट दिसली. हरद्यापासून पुढे, भर मे महिन्यात, दोन्ही बाजूंना हिरवीगार शेतं. आमच्या माळव्यात या दिवसांत काळी जमीन भेगाळून पडलेली असते. इथं उन्हाळी मूग उभा होता. तवा धरणाचे कालवे या भागात फिरलेत, त्यामुळे गहू निघाला की लोक लगेच मूग पेरतात. बाहेर बेचाळीस अंश, डोळ्यांना मात्र श्रावण. असा रस्ता मी पहिल्यांदाच पाहिला.

सोहागपूरला रस्त्याच्या कडेला सुरया मांडलेल्या दिसल्या आणि आई म्हणाल्या, "थांबव."

"येताना घेऊ ना," नवरा म्हणाला.

"येताना कोण थांबतं?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. घराकडे तोंड झालं की आमच्या घरातले पुरुष चहालासुद्धा थांबत नाहीत. आई उतरल्या. एकेक सुरई उचलून बोटाच्या पेरानं टिचकी मारून ऐकायला लागल्या. खणखणीत वाजली ती भाजलेली, बद्द वाजली ती चिरलेली. सहावी पसंत पडली. तांबूस, लांब मानेची, मानेखाली बोटानं ओढलेली नागमोडी रेघ. कुंभाराच्या बोटाचा ठसा जिथं रेघ संपते तिथं तसाच राहिला होता. पुढचा सगळा प्रवास ती आईंच्या मांडीवर, तान्ह्या बाळासारखी.

पिपरिया सोडलं, मटकुली गेली, घाट सुरू झाला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर नवरा गप्प झाला. तो गाडी चालवताना गप्प झाला की काहीतरी बिघडलेलं असतं. इंजिनाचा काटा वर सरकत होता. सहा माणसं, सामान, एसी फुल आणि चढण. त्यानं एसी बंद केला. काटा थांबला, पण उतरेना.

"हीटर लाव," अण्णा मागून म्हणाले.

"काय?"

"हीटर. पंखा पूर्ण. इंजिनाचं गरम पाणी हीटरच्या नळीतून जातं. तोही एक छोटा रेडिएटरच. तेवढी उष्णता आत येईल."

"आत आपण आहोत, अण्णा."

"म्हणूनच काचा उघडा."

मे महिन्यात हीटर लावून हिल स्टेशनला निघालेलं कुटुंब दुसरं नसेल. पायांवर भट्टीची धग, खिडकीतून झोंबणारा वारा, मागे लेक हसून हसून आडवी, पुढे घामानं थबथबलेला नवरा. पण काटा उतरला. आणि काचा उघड्या होत्या म्हणूनच कळलं की मध्येच कुठेतरी हवा बदलली आहे. एका वळणापर्यंत सागाची झाडं होती, पानं गळून काठ्या झालेली. मग गर्द हिरवी, सरळसोट, नव्या पानांची झाडं लागली. साल. उन्हाळ्यात साग बोडका होतो, साल मात्र पालवतो. एसी लावून, काचा बंद करून गेलो असतो तर हा फरक फक्त दिसला असता. आम्हाला तो नाकानं कळला. कच्चा, किंचित तुरट, ओल्या लाकडासारखा वास.

वर पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि ऊन मी म्हणत होतं. खोटं कशाला लिहा, पचमढीत मे महिन्याच्या दुपारी थंडी वगैरे काही वाजत नाही. धाकट्यानं मोबाइलवर बघितलं. पचमढी 38. मग इंदूर बघितलं. 41. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बोर्डाच्या परीक्षेत शाळेचा निकाल शंभर टक्के लागल्यावर होत असेल तसा.

पचमढी हे मध्य प्रदेशातलं एकमेव खऱ्या अर्थाचं हिल स्टेशन. लष्कराची छावणी, लाल कौलांचे बंगले, आंब्याची म्हातारी झाडं. कॅप्टन फॉरसिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या पठाराचा 'शोध लावला' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कोरकू आणि गोंड इथं पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आसपासच्या कपारींमध्ये त्याहूनही कितीतरी जुनी चित्रं रंगवलेली आहेत, तेव्हा शोध कुणाला कुणाचा लागला हा प्रश्नच आहे. फॉरसिथनं 1862 मध्ये बांधलेला बायसन लॉज अजून उभा आहे. जंगलातल्या जागांचे परवाने तिथंच मिळतात. पुढे पचमढी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची उन्हाळी राजधानी झाली. नागपूरचं सरकार फायली बांधून इथं यायचं. आमच्या नागपूरच्या मावशींची काही सरकारात सोय नव्हती, म्हणून त्या इंदूरला यायच्या.

परवान्याच्या रांगेत एक तास गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, फक्त धाकट्यानं सेवेचा अर्धा किलो तिथंच संपवला.

आतल्या जागांना आपली गाडी चालत नाही, जिप्सी करावी लागते. आमच्या जिप्सीवाल्यानं आईंना चढायला हात दिला आणि आई मला म्हणाल्या, "पदर सांभाळ, अडकेल." तो चमकून वळला.

"तुमी मराठी आहा का जी?"

"हो. इंदूरचे."

"इंदूरले बी मराठी लोक राह्यतात?"

आईंना हा प्रश्न फार लागला. होळकरांपासून सुरुवात करावी की पवारांपासून, हे ठरवेपर्यंत तो आपली कथा सांगून मोकळा झाला. तो सौंसरचा. छिंदवाड्याकडचा, नागपूर त्याला भोपाळपेक्षा जवळ. उन्हाळ्यात इथं गाडी चालवतो, पावसाळ्यात गावी संत्र्याचं बघतो. पण श्रावणात नागपंचमीच्या आधी नागद्वारीची यात्रा असते, तेव्हा परत येतो. "तवा बघा तुमी पचमढी," तो म्हणाला. "सारा विदर्भ उतरते. पाय ठेवाले जागा नाही राह्यत. अन् शिवरातीले चौरागडावर लोक खांद्यावर त्रिशूल घेऊन चढतात, मणामणाचे. तेराशे पायऱ्या आहेत जी."

मध्य प्रदेशातल्या दोन मराठ्या त्या दिवशी त्या जिप्सीत भेटल्या. त्याचं 'इंदूरले' ऐकून लेक खुदकन हसली, आणि मग तिचीच विकेट पडली. धाकट्याला ती म्हणाली, "सरक ना, मला जागा नाही भेटून राहिली," आणि जिप्सीवाला खूश होऊन म्हणाला, "हे पोरगी तं आमच्याकडचीच आहे!"

पुण्याला गेल्यावर या मराठीचं काय होईल, ही काळजी मला आहे. ग्वाल्हेरहून इंदूरला आले तेव्हा मलाही ऐकावं लागलं होतं. मी 'पंखा चालव' म्हणायची, आईही तेच म्हणायच्या, आणि पुण्याच्या एका नातेवाईक बाई म्हणाल्या होत्या, "कुठे चालवू? रस्त्यावर?" लेकीला मी हे सांगितलं. तिनं खांदे उडवले. "मी एसी लावेन," म्हणाली.

बी फॉलला भर मे महिन्यात पाणी होतं. धार बारीक, पण होती. त्या प्रपाताचं पाणी गावाला पिण्यासाठी जातं. धुपगड, 1350 मीटर, सातपुड्याचं सगळ्यात उंच टोक. सूर्यास्ताला तिथं एवढी गर्दी की सूर्य आम्ही लोकांच्या मोबाइलच्या पडद्यावरच बघितला. पांडव लेणी बाहेरून पाहिली. त्या पाच मढ्यांवरूनच गावाचं नाव पडलं म्हणतात.

पण अण्णा रमले ते जटाशंकरला. दोन उंच कड्यांच्या मधल्या घळीत पायऱ्या उतरत जायचं. प्रत्येक दहा पायऱ्यांना हवा गार होत जाते. खाली गुहा, शिवलिंग, आणि छतातून टप टप पाणी. अण्णांनी देवाला नमस्कार केला आणि मग खडकाला तळवा लावून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, भाविक झाले.

"वालुकाश्म," ते म्हणाले. "आपल्याकडचा काळा दगड पाणी बहुतेक वाहून जाऊ देतो. हा पितो. पावसाळ्यात पितो आणि वर्षभर पाझरत बसतो." मग आईंकडे वळून, "तुझी सुरईच आहे ही. जरा मोठी."

आईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. पण बाहेर आल्यावर मला दोनदा सांगितलं, "सुरई म्हणाले, ऐकलंस ना?"

हॉटेलच्या खोल्यांना एसी होता आणि त्याचे वेगळे पैसे घेतले होते. तरी वरचा स्लॅब इतका तापलेला की एसी नुसता घरघरत होता, आणि दार उघडलं की बाहेर मात्र सुरेख वारा. पहिल्या रात्री साडेदहाला अण्णांनी आपली गादी ओढत व्हरांड्यात नेली. मॅनेजर धावत आला.

"सर, एसी रूम दिया है ना आपको?"

"दिया है. आप सो जाइए उसमें."

"सर, भालू आता है कभी-कभी."

आमचा व्हरांडा पहिल्या मजल्यावर होता. अस्वल जिना चढून वर येतं का, यावर दोघांची पाच मिनिटं चर्चा झाली. जिन्याच्या जाळीला कुलूप लावायचं ठरलं आणि मॅनेजर मान हलवत गेला. मग एकेक करून सगळ्यांच्या गाद्या बाहेर आल्या. कुणी काही ठरवलं नाही, पण पायऱ्यांच्या बाजूला मी, आई आणि लेक, पलीकडे अण्णा आणि नवरा, मध्ये धाकटा. आईंनी सुरई पोचल्यापासून बादलीत बुडवून ठेवली होती. नवी सुरई अशी भिजवल्याशिवाय वापरत नाहीत. ती भरून कठड्याशी ठेवली. पेला नव्हता, म्हणून वर स्टीलच्या बाटलीचं झाकण.

पहिलं पाणी लेकीनं प्यायलं आणि तोंड वाकडं केलं. "मातीसारखं लागतं."

"मग कशासारखं लागायला हवं?" आई म्हणाल्या.

तीनही रात्री आम्ही तिथंच झोपलो. लेकीच्या होस्टेलचं बोलणं तिथं झालं, आणि नवऱ्यानं नोकरी बदलायचा विचार चालवलाय हे मला तिथं पहिल्यांदा कळलं, तेही तो अण्णांना सांगत असताना, मी झोपले आहे असं समजून. मी झोपलेलीच राहिले.

परत येताना, अपेक्षेप्रमाणे, आम्ही कुठेही थांबलो नाही. नेमावरच्या पुलावर आईंनी चालत्या गाडीतूनच हात जोडले. इंदूरला पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. दार उघडलं तर चार दिवस बंद असलेलं घर भट्टीसारखं. सगळे आपापल्या खोलीत, एसी सुरू, दारं बंद.

साडेअकराला मी पाणी प्यायला उठले, तर गच्चीच्या जिन्याचा दिवा लागलेला. वर अण्णा. दोन बादल्या पाणी ओतून झालेलं, फरशी अजून वाफाळत होती. शेजारच्या सातही एसींचे पंखे जोरात आमच्याकडे फुंकत होते. सतरंजी आता सापडते कुठली, तर योगासनांची चटई अंथरून तिच्यावर बसलेले.

"अण्णा, खूप गरम आहे हो. खाली चला."

"बत्तीस," ते म्हणाले. "तू जा, मी बसतो जरा."

मी खाली आले, पण झोप लागेना. थोड्या वेळानं जिन्यावर आईंची पावलं वाजली, सावकाश, एका हातानं कठडा धरून. दुसऱ्या हातात काय असणार ते मला माहीत होतं. मग धाकटा गेला, उशी घेऊन. मी चादर उचलली आणि निघाले.

डास होते. शेजारची एक खिडकी रात्रभर निळी लुकलुकत होती. धाकट्यानं दोनदा घाम पुसला आणि "खाली जाऊ का" विचारलं, पण गेला नाही. मधेच डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा चार वाजायला आले होते आणि कुठलातरी एक घर्र आवाज थांबला होता. शेजारच्या बहुतेक एसींनी दम टाकला होता. वारा होता की नाही, मला अजूनही नक्की सांगता येणार नाही. आईंनी चादर मात्र खांद्यापर्यंत ओढून घेतली होती.

"सुरईत पाणी आहे का ग?" अण्णा अंधारात म्हणाले.

धाकटा उठला, चाचपडत कठड्याकडे गेला. सुरईच्या बुडाशी फरशीवर ओला गोल उमटला होता, त्यात त्याचा पाय पडला. "गार आहे!" तो म्हणाला. पाण्याबद्दल की फरशीबद्दल, कोण जाणे.